नाक कोणासाठी?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या पुतण्याची मुलगी चार दिवस आमच्याकडे राहावयास आली होती. वय चोवीस, बँकेत नोकरी करते, स्वभावाने शांत व हिशेबी. एके दुपारी जेवणे आटोपून आम्ही झोपाळ्यावर बसलो असता तिने एक कागद आमच्या हाती ठेवला आणि म्हणाली, "आबा, हे वाचा. आई म्हणते, तुम्ही हो म्हणालात तरच पुढे जायचं."

तो कागद एका रुग्णालयाचा होता. नाकाचा आकार सुधारण्याच्या शस्त्रक्रियेस किती खर्च येईल याचा अंदाज त्यावर लिहिलेला होता. शस्त्रक्रियेला अपघाताचे अथवा आजाराचे काही कारण नव्हते. नाक बसके आहे, ते उंच व सरळ करावयाचे, एवढाच हेतू.

अशा प्रसंगी वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडून जे निघते तेच आमच्याही तोंडून निघाले. "अगं, देवानं दिलेलं नाक आहे ते. त्याला कशाला हात लावायचा?"

तिने आमच्याकडे क्षणभर पाहिले. तिच्या आवाजात राग मुळीच नव्हता. "नाक देवानं दिलं हे खरं आबा," ती म्हणाली, "पण 'नकटी' हे नाव तुम्ही दिलंत."

आम्ही निरुत्तर झालो. गोष्ट खरी होती. ती दोन वर्षांची असताना अंगणात दुडदुडत येई, तेव्हा "आली आमची नकटी" असे म्हणून तिला उचलून घेणारे आम्हीच. त्यात माया होती, निंदा नव्हती, असे आम्ही शपथेवर सांगू शकतो. परंतु ते नाव घरात रुजले, घरातून शेजारी गेले, शेजारून शाळेत गेले. आणि शाळेत पोहोचेपर्यंत त्यातील माया वाटेतच गळून पडली होती. पुढे तिच्या लग्नाचे पाहू लागल्यावर एका स्थळाने निरोप धाडला की, मुलगी सर्व बाजूंनी चांगली आहे, परंतु नाकाने जरा... पुढचे वाक्य त्यांनी अपुरेच ठेवले. ते तिने मनातल्या मनात पूर्ण केले असणार.

त्या दुपारपासून हा प्रश्न आमच्या मनातून गेलेला नाही. आता तो पूर्वीसारखा दूरच्या मुंबईतील नटनट्यांचा राहिलेला नसून आपल्यासारख्या कुटुंबांच्या माजघरात येऊन बसला आहे, म्हणून सभासद बंधुभगिनींपुढे तो मांडणे आम्हांस उचित वाटते.

आपल्या भाषेत नाकाला केवढा मान आहे! अब्रू गेली म्हणजे नाक कापले गेले. शरण जाणे म्हणजे नाक घासणे. सरळ वर्तनाचा मनुष्य नाकासमोर चालणारा. आणि दागिना डोईजड झाला तर नाकापेक्षा मोती जड. हे सारे ठीक. परंतु 'नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने' ही म्हण आपण जितक्या सहज उच्चारतो तितकी ती सहज आहे काय? लग्नात अडचणी पुष्कळांच्या येतात, पण म्हणीत सापडली ती नकटी. ज्या घरात खरोखरीच बसक्या नाकाची मुलगी आहे, तेथे ही म्हण ऐकताना तिला काय वाटत असेल याचा विचार आम्ही सत्तर वर्षांत एकदाही केला नव्हता.

आता 'देवाने दिलेले' या आमच्या पहिल्या आक्षेपाकडे वळू. तो टिकत नाही, हे आम्हांस त्याच रात्री कळून चुकले. कारण ज्या घरात आम्ही हे वाक्य उच्चारले, त्याच घरात त्या मुलीचे कान ती तान्ही असताना टोचले गेले होते आणि ती पुरती शहाणी होण्यापूर्वीच तिचे नाकही टोचले होते. कर्णवेधाला तर संस्काराचा मान आहे. देवाने दिलेल्या नाकाला सुई लावताना आम्ही तिला विचारले नाही. आणि आता ती स्वतः विचारावयास आली, तेव्हा आम्हांस देव आठवला! आमचे स्वतःचे म्हणाल तर डोळ्यांवर चष्मा आहे, वरच्या दातांची कवळी आहे आणि पन्नाशीनंतर काही वर्षे आम्ही केसांना कलपही लावीत होतो. त्या वेळी कोणी शास्त्रार्थ काढला नाही.

आणि शास्त्रच पाहावयाचे तर सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळावा अध्याय पाहावा. त्याचा आरंभ बालकाचे कान कसे टोचावेत येथून होतो. मग फाटलेली कानाची पाळी कशी सांधावी ते येते. आणि अखेरीस तुटलेले नाक पुन्हा कसे घडवावे ते सांगितले आहे. नाकाच्या मापाचे झाडाचे पान घ्यावे, त्या मापाची त्वचा गालावरून एका बाजूने जोडलेली ठेवून उचलावी, नाकाच्या खुंटावर बसवून शिवावी, श्वास चालावा म्हणून दोन नळ्या आत ठेवाव्यात, वरून ज्येष्ठमध, रसांजन इत्यादींचे चूर्ण घालावे, कापूस ठेवून तिळाच्या तेलाचे सिंचन करावे. नाक कमी पडल्यास वाढवावे, अधिक झाल्यास बेताचे करावे, येथपर्यंत तपशील आहे. ज्या परंपरेने हे लिहिले, तिला नाकास हात लावण्याचे भय नव्हते.

ही विद्या ग्रंथातच राहिली असेही नाही. १७९२ च्या युद्धात इंग्रजांच्या सैन्याबरोबर बैल हाकणारा एक मराठा शेतकरी टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. इंग्रजी लेखात त्याचे नाव कावसजी असे दिले आहे. वर्षाहून अधिक काळ तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याला नवे नाक बसविले. मेणाचा नमुना करून तो कपाळावर सपाट पसरला, त्याभोवती रेघ ओढली, तेवढी कातडी सोडवून दोन भुवयांच्या मध्ये जोडलेली ठेवली, तेथून फिरवून खाली आणली आणि बसविली. चिकटविण्यास कात लावलेली कापडाची पट्टी वापरली. मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज वैद्यांनी ही क्रिया डोळ्यांनी पाहिली होती. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये हा वृत्तान्त चित्रासह छापून आला. तो वाचून जोसेफ कार्प्यू नामक शस्त्रवैद्याने १८१४ मध्ये लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली व १८१६ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. आज जगभर नाकाच्या शस्त्रक्रियेचा इतिहास सांगताना पुण्याच्या त्या अनाम कारागिराचा उल्लेख आल्यावाचून राहत नाही. त्याचे नाव मात्र कोणी टिपून ठेवले नाही.

कोणी म्हणेल, कावसजीचे नाक गेले होते. ते परत मिळविणे वेगळे आणि धडधाकट नाक पाडून नवे बांधणे वेगळे. हा भेद खरा आहे, आणि आम्हीही प्रथम त्याच्याच आश्रयास गेलो. परंतु कावसजीच्या बाबतीत तरी नेमके काय परत मिळाले? श्वास तर खुंट्या नाकानेही चालतो. त्याला परत मिळाले ते चारचौघांत तोंड वर करून वावरणे. नेमकी हीच गोष्ट एखाद्या मुलीची तिच्या बालपणीच हिरावली गेली असेल, तीही कोणत्या टिपूने नव्हे, आपल्याच माणसांनी, तर तिचा मार्ग आपण कोणत्या तोंडाने अडवावा?

हा प्रश्न शंभरांहून अधिक वर्षांपूर्वी बर्लिनमध्येही उभा राहिला होता. तेथे जॅक जोसेफ नावाचे शस्त्रवैद्य होते. १८९६ मध्ये एका आईने, कान पुढे आल्यामुळे शाळेत चिडविला जाणारा आपला मुलगा त्यांच्याकडे आणला. त्यांनी त्याचे कान नीट केले. शस्त्रक्रिया उत्तम झाली, पण रोग नसताना शस्त्र चालविले म्हणून त्यांच्या वरिष्ठांनी त्यांना नोकरीवरून दूर केले. दोन वर्षांनी, १८९८ मध्ये, मोठ्या नाकामुळे लोक टक लावून पाहतात, हसतात, म्हणून खिन्न होऊन बसलेला एक गृहस्थ त्यांच्याकडे आला. जोसेफांनी त्याचे नाक लहान केले आणि वैद्यांच्या सभेपुढे सांगितले की, त्या माणसाची खिन्नता गेली, तो मोकळेपणे हिंडूफिरू लागला. मनाचे दुःख हेही शस्त्र उचलण्यास पुरेसे कारण होऊ शकते, हे त्यांचे म्हणणे पुढे वैद्यकाने मान्य केले.

परंतु या कथेचा उत्तरार्ध आम्हांस अधिक विचार करावयास लावतो. जोसेफ स्वतः ज्यू होते. त्यांच्याकडे पुढे कितीएक ज्यू स्त्रीपुरुष येत, ते आपल्या नाकावरून कोणी आपल्याला ओळखू नये म्हणून. नाकात दोष नव्हता. दोष पाहणाऱ्याच्या नजरेत होता, आणि कापले जात होते ते नाक. १९३३ मध्ये हिटलरची सत्ता आल्यावर ज्यूंना हुडकून काढण्याचे काम सुरू झाले, ते आजोबा-आजीच्या धर्माच्या नोंदी तपासून. नाके पाहून नव्हे. त्या बिचाऱ्यांना आम्ही मुळीच नावे ठेवीत नाही. भीतीने ग्रासलेल्या माणसाला जी वाट दिसते ती तो धरतो. तरीही, दुसऱ्याच्या द्वेषाला आपल्या चेहऱ्याने उत्तर देऊ पाहिले तर तो द्वेष दुसरीकडून वाट काढतो, एवढे त्यातून दिसते.

आपल्याकडे हे घडले नाही असे समजू नये. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी हिंदुस्थानातील जातीजातींची नाके मोजविली होती. नाकाची रुंदी जितकी कमी तितकी जातीची प्रतिष्ठा अधिक, असा नियमच त्यांनी काढला. पुढे आपल्या मालवणचे डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ च्या ग्रंथात तीच मोजमापे तपासून, मुंबई इलाख्यात तरी हा नियम टिकत नाही असे दाखविले. आणि १९४८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी हीच आकडेवारी उलटी फिरवून ब्राह्मण व अस्पृश्य यांचा वंश एकच असल्याचा निष्कर्ष काढला. मोजपट्टी केव्हाच मोडीत निघाली. पण आपल्या मनातून ती गेली आहे काय? 'सरळ, तरतरीत नाक' म्हणताना त्या सरळपणाला आपण कुळाचा, बुद्धीचा, सुसंस्कृतपणाचा वास लावून ठेवलेला असतो.

देवळात रोज येणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत मूर्तीचे प्रमाण दिले आहे. नाक, कपाळ, हनुवटी, मान व कान ही प्रत्येकी चार अंगुळे. परंतु हे प्रमाण मूर्ती घडविणाऱ्या शिल्पकारासाठी आहे, घरोघरच्या मुली पाहणाऱ्यांसाठी नव्हे. आणि देवाच्या बाबतीत तरी आपण ते कोठे पाळतो? गावोगावच्या देवीचा शेंदूर माखलेला तांदळा आठवावा. त्याला चांदीचे डोळे असतात. नाक बहुधा नसतेच. त्याच्यापुढे उभे राहून कोणा भक्ताला काही उणे वाटल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

तेव्हा ही शस्त्रक्रिया पाप आहे असे आम्ही म्हणत नाही. ती केवळ चैन आहे असेही म्हणत नाही. पण 'माझे शरीर, माझी इच्छा, संपला प्रश्न' हे नव्या पिढीचे उत्तरही आम्हांस पुरते पटत नाही. इच्छा आपली खरी, परंतु ती आपल्या मनात कोणी पेरली हे पाहावयास नको काय? म्हणून आम्ही नातीला एकच विचारले, "हे नाक तू कोणासाठी बदलणार?" ती लगेच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "निम्मं माझ्यासाठी. निम्मं त्या लोकांसाठी, ज्यांनी निरोप पाठवला." हे उत्तर प्रामाणिक होते. बहुतेकांचे उत्तर असेच वाटणीचे असणार, आणि ती वाटणी नीट पाहण्यास अवधी लागतो.

त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून या शस्त्रक्रियेची माहिती मिळविली. ओळखीच्या डॉक्टरांना भेटलो, प्रश्न विचारले. त्यांतील जे सर्वांच्या उपयोगी पडेल ते येथे देतो.

नाकाचा वरचा तिसरा हिस्सा हाडाचा असून खालचा सारा कूर्चेचा, म्हणजे मऊ हाडाचा असतो. उंचवटा काढावयाचा तर हाड घासतात, रुंदी कमी करावयाची तर ते बाजूंनी कापून आत सरकवितात. बसके नाक उंच करावयाचे काम याहून निराळे. तेथे काढावयाचे नसून भर घालावयाची असते. त्यासाठी कूर्चा नाकाच्या पडद्यातून, कानातून, आणि अधिक लागल्यास बरगडीतून घेतात. म्हणजे नाकासाठी छातीवरही एक व्रण राहू शकतो. कृत्रिम पदार्थ बसविणेही शक्य असते, परंतु त्याला जंतुसंसर्ग होणे किंवा कालांतराने तो त्वचेतून बाहेर येऊ पाहणे, हे धोके असतात. शिवाय वरची त्वचा जाड असेल तर आतील बारीक कोरीवकाम बाहेर दिसत नाही. आपल्याकडे पुष्कळांची त्वचा जाड असते. संगणकावर डॉक्टर जे भावी चित्र दाखवितात ते वचन नव्हे, कल्पना आहे, हे तिच्या आईला समजावण्यास आम्हांस बराच वेळ लागला.

ही शस्त्रक्रिया बहुधा पूर्ण भूल देऊन करतात आणि तिला दीडदोन तास, कधी अधिकही लागतात. नाकावर आठवडाभर आधाराची पट्टी असते. डोळ्यांखाली काळेनिळे होते, ते ओसरण्यास दोन आठवडे लागतात. पहिले काही दिवस नाक चोंदलेले राहते व तोंडाने श्वास घ्यावा लागतो. चष्मा असणाऱ्यांनी काही आठवडे तो नाकावर टेकवावयाचा नसतो. सूज बरीचशी काही महिन्यांत उतरते, परंतु नाकाच्या शेंड्याची सूज पूर्ण जाऊन खरा आकार दिसण्यास वर्ष किंवा त्याहूनही अधिक काळ जातो. 'पुढच्या महिन्यात मुलगी दाखवावयाची आहे, तेवढ्यात करून घेऊ' असे म्हणणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

धोके सांगितल्याशिवाय राहवत नाही. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, दोन्ही बाजू सारख्या न होणे, शेंडा बधिर राहणे, पडद्याला भोक पडणे, भुलीचे म्हणून जे असतात ते. आणि सर्वांत खेदाचा म्हणजे दिसावयास सुंदर परंतु श्वासाला अडचण करणारे नाक. शंभरांतील साधारण पाच ते पंधरा जणांना पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते असे सांगितले जाते. दुसरी खेप पहिलीपेक्षा अवघड. कारण आत व्रणाचे घट्ट तंतू झालेले असतात आणि वापरण्याजोगी कूर्चा संपलेली असते. खर्चाच्या अंदाजात ही दुसरी खेप धरलेली आहे का, हे विचारून घ्यावे. केवळ रूपासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च वैद्यकीय विमा सहसा देत नाही. श्वासाला अडथळा असेल तर गोष्ट वेगळी. आपण ज्याला 'नाकाचे हाड वाढले' म्हणतो ते बहुधा वाढलेले हाड नसून वाकडा झालेला पडदा असतो, आणि तो सरळ करणे हे रूपाचे नव्हे, प्रकृतीचे काम आहे.

वयाची अट मोडू नये. चेहऱ्याची वाढ पुरी होण्यापूर्वी, म्हणजे मुलींच्या बाबतीत पंधरासोळा व मुलांच्या बाबतीत सतराअठरा वर्षांच्या आत, केवळ रूपासाठी नाकाला हात लावीत नाहीत. तंबाखू ओढणाऱ्याने ती काही आठवडे आधी व नंतर सोडावी, कारण तिच्यामुळे रक्तपुरवठा कमी पडून जखम नीट भरत नाही. ऍस्पिरिनसारखी औषधे, आणि ज्यांना आपण निरुपद्रवी समजतो ती घरगुती व जडीबुटीची औषधेही रक्तस्राव वाढवू शकतात. घेत असलेले सर्व काही डॉक्टरांना सांगावे. डॉक्टर प्लास्टिक सर्जरीची किंवा कान-नाक-घशाची रीतसर पदवी घेतलेले असावेत, शस्त्रक्रिया भूलतज्ज्ञ हजर असलेल्या रुग्णालयात व्हावी, आणि त्यांनी आजवर अशी किती नाके केली हे विचारण्यास संकोच करू नये. लुगडे घेताना आपण दहा दुकाने हिंडतो.

हल्ली शस्त्राशिवाय केवळ सुई टोचून नाक उंच करून देण्याच्या जाहिराती दिसतात. ती गोष्ट दिसते तितकी सोपी नाही. टोचलेला पदार्थ रक्तवाहिनीत शिरला तर त्वचा मरू शकते. तो डोळ्याकडील रक्तवाहिनीत गेला तर दृष्टीही जाऊ शकते. असे क्वचित घडते, पण घडते. सौंदर्यगृहात हे मुळीच करून घेऊ नये.

आणखी एक बाब आहे, तिच्याकडे घरच्यांनीच लक्ष द्यावयास हवे. काही व्यक्तींच्या मनात आपल्या एखाद्या अवयवाविषयी असा ध्यास बसतो की इतरांना न दिसणारा दोष त्यांना दिवसभर दिसत राहतो. आरशापुढे तासन्‌तास उभे राहणे, चारचौघांत जाणे टाळणे, पुन्हापुन्हा 'कसे दिसते?' असे विचारणे. हा मनाचा आजार आहे आणि शस्त्रक्रियेने तो बरा होत नाही. एक नाक झाले की दुसरा दोष सापडतो. त्यावर मानसोपचार व औषधे यांचा उपयोग होतो. चांगला शस्त्रवैद्य अशा वेळी सुरी खाली ठेवतो. आमच्या नातीला आम्ही याच काळजीने फार न्याहाळले. तिच्यात तसे काही दिसले नाही. मात्र ती आपल्या मोबाईलमध्ये आपलीच छायाचित्रे वरचेवर काढून पाहते, हे दिसले. त्यावरही अमेरिकेतील वैद्यांनी २०१८ मध्ये अभ्यास केला आहे. बारा इंचांवरून काढलेल्या छायाचित्रात नाक, पाच फुटांवरून काढलेल्या छायाचित्राच्या मानाने सुमारे तीस टक्के अधिक रुंद दिसते. हे तिला सांगितले तेव्हा ती हसली, आणि फोन आमच्या हातात देऊन अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली.

या साऱ्या भानगडीत आमच्या मनाला एक वेगळीच टोचणी लागली होती. ती सांगावी की नाही असे वाटत होते. ते नाक आमच्या मातोश्रींचे आहे. देवघराबाहेर त्यांचे जे जुने छायाचित्र आहे, नऊवारी नेसलेल्या, नाकात मोत्यांची नथ, त्यात ते तसेच्या तसे दिसते. मातोश्री जाऊन पस्तीस वर्षे झाली. नात समोर बसून पाटीवरचे तांदूळ निवडू लागली की आम्हांस त्या दिसतात. पण हे आम्ही तिला शस्त्रक्रियेच्या विरुद्धचा मुद्दा म्हणून सांगणे न्याय्य ठरले असते काय? आमची आठवण जिवंत ठेवण्याचे काम तिच्या चेहऱ्यावर लादण्याचा हक्क आम्हांस नाही. म्हणून आम्ही काही बोललो नाही. ते छायाचित्र तिनेच एके सकाळी काढून पुसले, बराच वेळ पाहिले आणि विचारले, "आबा, पणजीला कोणी नकटी म्हणत होतं का?" आम्हांस आठवत नव्हते, आणि आम्ही तसे सांगितले.

मग त्या म्हणीवरून व त्या नावावरून जे सांगावयाचे होते ते आम्ही सांगितले. घरातील धाकट्या मंडळींची क्षमा मागण्याची आम्हां वडीलधाऱ्यांना सवय नसते. शब्द नीट जुळले नाहीत. तिने ते समजून घेतले असावे.

या पत्रिकेपुरते बोलावयाचे तर, वधूवर-सूचनांच्या पानावर 'गोरी, नाकीडोळी नीटस' ही अक्षरे किती वर्षे छापली जात आहेत ते आम्ही जुने अंक काढून पाहिले. ती जवळजवळ प्रत्येक अंकात आहेत. वराच्या सूचनेत एकदाही नाहीत. वराचे फक्त शिक्षण व प्राप्ती. हे शब्द यापुढे छापू नयेत अशी विनंती आम्ही कार्यकारी मंडळाकडे लेखी केली आहे. मंडळातील एका सन्मान्य सभासदांनी हसून विचारले की मग मुलीविषयी लिहावयाचे तरी काय? तिचे शिक्षण, तिचे काम, तिची आवड, तिची अपेक्षा, असे आम्ही उत्तर दिले. निर्णय अद्याप व्हावयाचा आहे.

नातीचा निर्णयही अद्याप व्हावयाचा आहे. माघात ती दुसऱ्या एका डॉक्टरांकडे गेली. त्यांनी तिचे नाक आतून तपासले, पडदा किंचित डावीकडे वाकलेला आहे, त्रास झाला तर पाहू, असे सांगितले. तिने वहीत लिहून नेलेले सतरा प्रश्न विचारले. त्यांनी सर्वांची उत्तरे दिली आणि म्हणाले, घाई काहीच नाही, वर्षभराने या. तेव्हाही हवेसे वाटले तर करू. पैसे तिने स्वतःच्या पगारातून बाजूला टाकले आहेत. आईबापांनी कर्ज काढू नये असे तिने स्पष्ट सांगितले. त्या निरोप धाडणाऱ्या स्थळाचे नाव घरात आता निघत नाही. तिने शस्त्रक्रिया करावयाचे ठरविले तर रुग्णालयात पहिल्या रात्री कोणी राहावयाचे यावर आमच्या पत्नीचे व तिच्या आईचे आताच मतभेद आहेत.

गेल्या श्रावणात तिच्या भावाच्या मुलाचे बारसे झाले. घर पाहुण्यांनी भरले होते. आमच्या एक वयोवृद्ध वहिनी काठी टेकीत पाळण्याजवळ आल्या, चष्मा सावरून वाकल्या, बाळाकडे पाहून कौतुकाने म्हणाल्या, "रंग आईचा घेतलाय हो, पण नाक मात्र..." पाळण्याची दोरी नातीच्या हातात होती. तिने वर पाहिले. आम्ही पेढ्यांचे ताट घेऊन पुढे झालो आणि म्हणालो, "वहिनी, पाळणा म्हणायचा राहिलाय. तुम्हीच सुरुवात करा." त्यांचा आवाज या वयातही गोड आहे. त्यांनी पाळणा म्हणावयास आरंभ केला.